पाठमोऱ्या माणसाचं वाक्य

आईचा फोन आला तेव्हा मी एका खलनायकाचं हसणं कापत बसले होते. परक्या भाषेतल्या मालिका आपल्या भाषेत आणणाऱ्या एका स्टुडिओत मी ध्वनिमुद्रक आहे. पडद्यावरच्या माणसाचे ओठ आणि आमच्या कलाकाराचा आवाज यांचा संसार जुळवायचा, आणि कुणी भरात येऊन जास्त हसला किंवा रडला तर तेवढं उडवून टाकायचं, हे माझं काम. कामाच्या वेळी फोन करू नकोस म्हणून आईला किती वेळा सांगितलंय. पण आईला सांगण्यापेक्षा भिंतीला सांगितलेलं बरं, भिंत निदान उलट बोलत नाही.

“टिटवी परत येतेय,” आई म्हणाली.

“कुठली टिटवी? आई, मी कामात आहे.”

“अगं, आपली टिटवी! आत्ता बातम्यांत दाखवलं. नवे भाग काढलेत म्हणे. आता सुकाणू परत येतो की नाही बघच तू.”

मी हेडफोन काढून ठेवला. राग कुठल्या कुठे गेला.

टिटवी ही आमच्या लहानपणीची मालिका. एक खटारा अंतराळयान, त्यातली पाच-सात माणसं आणि हरवलेली घरची वाट, एवढीच गोष्ट. यानाचं मूळ नाव जीभ वळणार नाही असलं काहीतरी होतं, आपल्याकडच्या कुणा शहाण्याने त्याची टिटवी केली. यान चालवणारा तो सुकाणू. उंच, कमी बोलणारा, खर्जातल्या आवाजाचा. दादा आणि मी जमिनीवर पालथे पडून ती बघायचो आणि आई मागे खुर्चीत. बाबा म्हणायचे, घरातली तिन्ही माणसं कामातून गेली. शेवटच्या भागात सगळ्यांना वाचवायचं तर एकाने मागे राहून फाटक आतून धरून ठेवायला हवं होतं. सुकाणू राहिला. आमच्याकडे पाठ करून तो फाटकाकडे चालू लागला आणि तसाच पाठमोरा म्हणाला, “बाहेरचा दिवा चालू ठेवा. मी येतो परत.” फाटक बंद झालं आणि मालिकाच संपली. कंपनी बुडाली की नट भांडले, देव जाणे. मी कितीतरी दिवस जेवणावर रुसले होते.

दादा माझ्याहून मोठा आणि नकला करण्यात पटाईत. नोकरीसाठी लांब जायला निघाला तेव्हा दारात वाकून बुटाची नाडी बांधता बांधता, मागे न बघता, हुबेहूब सुकाणूच्या आवाजात तो म्हणाला, “बाहेरचा दिवा चालू ठेवा. मी येतो परत.” आई खो खो हसली. मी त्याच्या पाठीत उशी हाणली. काही वर्षं त्याचे फोन येत राहिले, मग कमी झाले, मग बंदच. नंबर लागेना. पत्त्यावर कुणी दुसरंच राहत होतं. कंपनी म्हणाली, तो कधीच सोडून गेला. पोलीस झाले, ओळखीपाळखी झाल्या. तो आहे असं कुणी सांगेना आणि नाही असंही कुणी सांगेना. आईने बाल्कनीतला दिवा तो गेला त्या दिवसापासून बंद केलेला नाही. बाबा होते तोवर ते बंद करायचे आणि ही लावायची. मग बाबा गेले आणि तेही भांडण मिटलं.

आता खरी अडचण सांगते. आईचं घर चौथ्या मजल्यावर, भाड्याचं, आणि लिफ्ट नाही. तिच्या गुडघ्यांचा पार भुगा झालाय. मागच्या थंडीत ती तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पडली आणि खालच्या मजल्यावर राहणारी शिक्षिका कामावरून येईपर्यंत तशीच पडून राहिली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत. माझं घर तळमजल्यावर आहे, मी एकटी आहे, एक खोली नुसती पडून आहे. मी हात जोडले, भांडले, अबोला धरला. तिचं आपलं एकच, “त्याला हाच पत्ता माहितीये.”

“ऐक,” त्या दिवशी ती फोनवर म्हणाली, “तुझं टुमणं ऐकून माझे कान किटलेत. आपण एक करू. पहिल्या भागात सुकाणू परत आला तर मी इथेच राहणार आणि तू पुन्हा तोंड उघडायचं नाही. नाही आला, तर दिवा बंद करते आणि मुकाट तुझ्याकडे येते.”

“मालिकेवर कसल्या गं पैजा लावतेस?”

“कबूल की नाही ते सांग.”

कबूल म्हटलं. खोटं कशाला बोलू, सुकाणू परत यावा असं मनातून मलाही वाटत होतं.

मालिकेचं काम आमच्याच स्टुडिओत आलं. मी आनंदाने उडी मारीन असं साहेबांना वाटलं, आणि मी खरंच मारली. पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी, मला कळलं की सुकाणू मेलाय. नव्या पिढीतली कुणी तरणीताठी मंडळी ते फाटक उघडतात, तर आत धूळ, एक हेल्मेट आणि भिंतीला टेकून बसलेला सांगाडा. “हा त्याच दिवशी गेला असणार,” त्यांतला एकजण म्हणतो आणि सगळे पुढे निघतात. झालं! एवढ्यावर आटोपलं. डबा मी न उघडताच घरी नेला.

पण याहून वाईट पुढेच होतं. पहिल्या भागाच्या सुरुवातीला जुन्या शेवटाचा तुकडा जोडलेला होता, नव्या लोकांना गोष्ट कळावी म्हणून. त्यावर आम्ही आपल्याकडचा जुनाच आवाज ठेवला होता. मूळ कंपनीने एक तपासनीस बाई नेमली होती. आपल्या भाषेतलं तिला ओ की ठो कळत नाही, पण संगणकावर उमटणाऱ्या मूळ आवाजाच्या रेघेशी आमची रेघ ती ताडून बघते. तिने कळवलं, इथे सुकाणू काहीच बोलत नाही, तुमच्याकडे हे वाक्य कुठून आलं? काढून टाका.

मी मूळ आवाज लावला. पावलं, मग फाटकाची घरघर, बाकी काही नाही. पुन्हा लावला, तेच. जगभरच्या लोकांनी हा माणूस एक अक्षर न बोलता मरायला जाताना पाहिला होता आणि डोळे पुसून ते आपापल्या कामाला लागले होते. तो परत येणार असं फक्त आपल्या भाषेत होतं.

आमच्या धंद्यात एक मुभा असते. माणसाने पाठ फिरवली की ओठ दिसत नाहीत, मग तिथे आपलं राज्य. उरलेलं अर्धं वाक्य तिथे बसवा नाहीतर नवं घाला, कुणी विचारत नाही. म्हणजे कुणीतरी ते मुद्दाम घातलं असणार. सुकाणूचा आवाज दिला होता खर्जकाकांनी. त्यांना सगळा धंदा याच नावाने ओळखतो. आता दात गेल्यामुळे शब्दाशब्दातून हवा निसटते, म्हणून त्यांना कुणी बोलावत नाही. मी त्यांना फोन केला.

“ते वाक्य होय!” काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. “पोरी, तुझ्यापाशीच ठेव हं. शेवटचा तुकडा चालू होता. सुकाणूने पाठ फिरवली म्हणजे माझं काम संपलं. मला केव्हाची लघवीला लागली होती. आपल्या खोलीबाहेर तो तांबडा दिवा असतो ना, मुद्रण चालू असल्याचा? तो बंद दिसला की दुसरी टोळी आत घुसून खोली बळकावायची. म्हणून जाता जाता मी काचेपलीकडच्या आमच्या मुद्रकबुवांना म्हटलं, बाहेरचा दिवा चालू ठेवा, मी येतो परत. पठ्ठ्याने यंत्र बंदच केलं नव्हतं! दुसऱ्या दिवशी ऐकतो तर काय, सुकाणूच्या पाठीवर अगदी चपखल. लेखकाला वाटलं दिग्दर्शकाने घातलं, दिग्दर्शकाला वाटलं लेखकाने. आम्ही दोघं चिडीचूप. बक्षीस मिळालं गं मला त्या भागाचं!”

मीही हसले. काय करणार? मग फोन ठेवून बाहेर पायरीवर, त्याच तांबड्या दिव्याखाली बसून रडले. माझा भाऊ जे वाक्य म्हणून घराबाहेर पडला आणि माझी आई ज्या वाक्यावर म्हातारी झाली, ते एका माणसाने मुतायला जाताना म्हटलं होतं.

तरी मी साहेबांशी भांडले. म्हटलं, लोकांना तोंडपाठ आहे ते, राहू द्या. साहेब म्हणाले, “बाई, कंपनीशी वाकडं घेऊन मला दुकान बंद करायचंय का?” मग मी ते काढलं. माझ्याच हातांनी काढलं आणि तिथे पावलांचा आवाज भरला.

पहिला भाग संध्याकाळी होता. मी कामावरून थेट आईकडे गेले. आईने ठेवणीतले कपडे घातले होते आणि केस नीट विंचरले होते. खुर्ची टीव्हीसमोर ओढलेली, दुखरे पाय समोरच्या स्टुलावर. मी लहानपणीसारखी जमिनीवर बसले. काय होणार ते मला माहीत होतं आणि तिला सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. बाल्कनीत दिवा जळतच होता.

जुना तुकडा सुरू झाला. सुकाणू वळला. चालू लागला. त्याच्याआधी आईचेच ओठ हलायला लागले. फाटक बंद झालं.

“आवाज गेला का गं?” आईने रिमोट उचलून आवाज वाढवला. पुढच्या गाण्याने घर दणाणून गेलं. “मागे घे. परत लाव.”

मी टीव्हीखालच्या डबीवरचं बटण दाबून परत लावलं. पावलं, मग घरघर. आईने रिमोट खाली ठेवला. बाकीचा भाग तिने शेवटपर्यंत बघितला, सांगाडासुद्धा.

“मेला तर मेला,” शेवटी ती म्हणाली. “नट म्हातारा झाला असेल नाहीतर भाव खात असेल, म्हणून मारला. पण त्याचं बोलणं कुठे गेलं? तू तिथेच असतेस ना? तू काढलंस?”

“मूळ मालिकेत ते नव्हतंच, आई.”

“मला मुळाशी काय करायचंय? आपल्यात होतं. या कानांनी ऐकलंय मी.”

मी तिच्या पायांकडे बघितलं. गुडघे सुजून उशीसारखे झाले होते. येताना चढलेला तो जिना, ते तिसऱ्या मजल्याचं वळण माझ्या डोळ्यांपुढे आलं. पैज ती हरली होती, पण आता ती ऐकणार नव्हती. वाक्य कुठे गेलं, कुणी नेलं, हे शोधत ती इथेच बसून राहिली असती आणि एक दिवस मला त्या वळणावर सापडली असती. या बाईला कसं समजवायचं, या विचाराने माझं डोकं फिरलं.

“आपल्यातही नव्हतं,” मी म्हटलं.

“आणि दादा? दारात म्हणाला तो? तू तिथे होतीस. उशी हाणलीस त्याला.”

“उशी हाणली. पण तो काही म्हणाला नव्हता, आई. नाडी बांधली आणि गेला.” एकदा तोंड उघडलं होतं, आता मागे फिरता येईना. “तुला तसं वाटत राहिलं असेल. वाट बघणाऱ्या माणसाला वाटतं असं.”

आईने चष्मा काढून हातात धरला.

“असेल,” ती म्हणाली. “हल्ली चष्मा डोक्यावर असतो आणि मी घरभर शोधत फिरते. असेल तसंच.”

मग ती उठली, भिंतीला धरत बाल्कनीपर्यंत गेली आणि तिने दिवा बंद केला. बाहेर अजून पुरता अंधारही झाला नव्हता. “ठरल्याप्रमाणे येते हो तुझ्याकडे,” ती म्हणाली. मी जिंकले होते, आणि मला भोकाड पसरून रडावंसं वाटत होतं.

सामान हलवलं. घरमालकाने किल्ल्या घेतल्या आणि लगेच एका नव्या जोडप्याला घर दिलंही. माझ्याकडे आईचे गुडघे सुधारले. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ती एकटी जाऊन यायला लागली. डॉक्टर खूश झाले. मला म्हणाले, उत्तम केलंत.

काय उत्तम केलं ते मलाच माहीत. आईचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. गोळी घेतली की पाच मिनिटांनी विचारायची, “मी घेतली का गं? की मला वाटतंय?” दूध उतू जाईपर्यंत उभी राहायची, कारण गॅस तिने लावला की मी लावला हे तिला ठरवता येईना. पूर्वी माझ्याशी उभं भांडण मांडणारी ही बाई, आता मी म्हणेन ते खरं म्हणायची. एकदा जेवता जेवता तिने विचारलं, “दादाच्या हनुवटीवर व्रण होता ना? की तोही नव्हता?”

“होता, आई. होता. झोपाळ्यावरून पडला होता तो.”

“बरं,” ती म्हणाली. पण मी समजूत काढतेय असंच तिला वाटलेलं मला दिसलं. टिटवी लागली की ती उठून आतल्या खोलीत जायची.

तिकडे वाहिनीवर लोकांनी गदारोळ केला. आमचं वाक्य कुठे गेलं? एकाने म्हणे ते दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं होतं, एका मुलीने दंडावर गोंदवून घेतलं होतं. पत्रं, फोन, शिव्याशाप. माझ्यासारखे वेडे आणखी किती होते ते तेव्हा कळलं. शेवटी कंपनी नमली. साहेब हात जोडून म्हणाले, “घाल बाई ते परत.” मी जुनी टेप शोधून काढली, साफ केली आणि खर्जकाकांचा तो तरणा आवाज सुकाणूच्या पाठीवर होता तिथे बसवला. पुन्हा पुन्हा लावून ऐकला. खूप दिवसांनी मला आनंद झाला होता, लाज वाटण्याइतका. आईचा विचार मनात आला नाही असं नाही. पण म्हटलं, ती मालिका बघतच नाही, तिला कुठून कळणार.

त्याची जाहिरात करतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आई बातम्या बघत लसूण सोलत होती. मी आत भांडी घासत होते. बातम्या थांबल्या आणि एक उत्साही बाई ओरडली, “तुमच्या आग्रहास्तव, तुमचं वाक्य परत आलंय!” आणि पाठोपाठ तो आवाज.

“बाहेरचा दिवा चालू ठेवा. मी येतो परत.”

मी ओल्या हातांनी बाहेर आले. आईचे हात ताटलीत तसेच थांबले होते. ती माझ्याकडे बघेना. बातम्या संपल्यावर ती जाहिरात पुन्हा लागली, तोवर ती तशीच बसून राहिली. दुसऱ्यांदा नीट ऐकून तिने टीव्ही बंद केला.

“होतं की,” ती म्हणाली.

“आई, माझं ऐक…”

“म्हणजे तोही म्हणाला होता.”

मी होय म्हणून मान हलवली. तिने मला थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं. पण तिने ताटली बाजूला ठेवली आणि हात पुसले. “माझ्या चपला दे,” ती म्हणाली.

“कुठे निघालीस?”

“दिवा लावायला.”

“तिथे आता दुसरी माणसं राहतात, आई.”

“त्यांना सांगते. दिवा लावायला असं काय लागतं?”

टॅक्सीने आम्ही जुन्या घरी गेलो. जिन्यात मी हात पुढे केला तर तो न घेता ती भिंतीला धरून चढली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला धाप लागली, तरी थांबली नाही. चौथ्या मजल्यावरचं दार एका तरुणाने उघडलं. आईने त्याला बाल्कनीतल्या दिव्याचं सांगितलं. तो बिचारा चांगला होता, त्याने सगळं ऐकून घेतलं.

“आजी, बाल्कनी आम्ही भिंत घालून आत घेतली. जागा पुरेना. तो दिवा केव्हाच काढला.” त्याने बाजूला होऊन दाखवलं. जिथून रस्ता दिसायचा तिथे पांढरी भिंत आणि तिला टेकवलेलं कपाट होतं.

“कुणी आलं होतं का?” आईने विचारलं. “उंच. हनुवटीवर व्रण आहे.”

“माहीत नाही हो. आम्ही दोघंही दिवसभर कामावर. आलं असेल तरी दार वाजवून गेलं असेल.”

“बरं,” आई म्हणाली.

त्याने पाणी आणू का विचारलं. आई तोवर वळून जिन्याकडे निघाली होती. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत ती उतरू लागली. मी तिच्या मागे. “आई, काहीतरी बोल गं,” मी म्हटलं. ती बोलली नाही, वळलीही नाही. मला फक्त तिची पाठ दिसत होती. पाठ दिसली की तिथे काहीही बसवता येतं, हा माझा रोजचा धंदा. मी मनातल्या मनात तिच्या आवाजात एकेक वाक्य लावून बघितलं, जाऊ दे, चल घरी, तू माझ्यासाठीच केलंस. एकही बसेना. ती उतरत राहिली आणि मी तिच्या मागून उतरत राहिले.